परड्यातला होंड

परड्यात एक लहानसं तळं असावं आणि त्यात चार कमळं फुलावीत, एवढीच माझी इच्छा. आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. जूनमध्ये वाळत घातलेली चादर गणपतीपर्यंत दमटच असते, असा इथला पाऊस. आई म्हणाली, "पाणी साठवायला खड्डा कशाला? पागोळीखाली बादली ठेव की."

शेजारच्या काकांनी पिल्लू सोडलं, "कृषीभाग्यमधनं होंड मिळतोय की." कृषीभाग्य म्हणजे कर्नाटक सरकारची शेततळ्याची योजना, आणि कन्नडात होंड म्हणजे खड्डा. आईला वाटलं, सरकार मोटारसायकल वाटतंय. "मग तीच घे," म्हणाली. योजना शेतकऱ्याच्या शेतासाठी आहे, कमळांच्या हौशीसाठी नाही, हे कळेपर्यंत माझे दोन हेलपाटे झाले.

शेवटी मे महिन्यात जेसीबी सांगितला. आमचं गेट 7 फुटी, त्याचं पुढचं बकेट साडेसात फुटी. अर्धा फूट ऐकायला किरकोळ वाटतो, पण तेवढ्यात कंपाऊंडचा खांब असतो. असायचा.

जेसीबीची खोदाई बघायला माणसं का जमतात, यावर 2019 साली देशभर हसून झालं. आमच्या गल्लीनं ते मनावर घेतलं नव्हतं. कुणी खुर्ची घेऊन आलं, कुणी नातवाला. जेसीबी चालवणारा पोरगा मात्र कामाचा पक्का. आईची अबोली त्यानं बकेटच्या दातांनी मुळासकट, मातीच्या गोळ्यासकट उचलली आणि झोपलेलं मूल ठेवावं तशी बाजूला ठेवली. खांब पाडणारा तो हाच का, असं वाटावं.

तो रायबागकडचा. माझ्या प्रत्येक मराठी वाक्याला "हौद्री" (म्हणजे 'होय हो') म्हणायचा आणि आपल्या मनाचं करायचा. मला कन्नड शब्द दोनच पक्के येतात, 'बेकु' म्हणजे पाहिजे आणि 'साकु' म्हणजे पुरे. 5 फूट खोल झाल्यावर काठावरनं मी रुबाबात ओरडलो, "बेकु, बेकु!" आणि त्याच्यासाठी चहा टाकायला आत गेलो. चहा उकळला, ऊतू गेला, परत टाकला. बाहेर येऊन बघतो तर टेप 7 फूट दाखवतोय. एवढ्यात काठ तासताना नळाची पाइप दातात आली. फवारा थेट काकांच्या खुर्चीवर. तेव्हा कुठं तोंडातनं निघालं, "साकु!"

"हौद्री," म्हणाला आणि तासाचा हिशेब लिहू लागला.

20 बाय 15 फूट, खोली 7 म्हणजे 21 ब्रास (100 घनफुटांचा एक ब्रास), हे मी पाटीवर काढलं होतं. पण सुटी झालेली माती पाव पट तरी फुगते, हे शाळेत कुणी शिकवलं नाही. ढीग झाला सव्वीस ब्रासचा. घराच्या खिडकीतनं आधी रस्ता दिसायचा, आता डोंगर दिसू लागला. फुकट नेतो म्हणणारे सगळे ट्रॅक्टरवाले त्या आठवड्यात लग्नाला गेले होते.

पहिला वळीव रात्री आला. तळं गुडघाभर भरलं. टॉर्च मारून मी फोटो काढले, पाहुण्यांना पाठवले. सकाळी तळाशी एक बेडूक आणि माझी हरवलेली चप्पल. वर तांबडी माती, खाली जांभा, म्हणजे सगळं चाळणीसारखं. "500 मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद घालावा लागतोय गा," काका खुर्ची पुसत म्हणाले. दुकानात दर ऐकून मी कमळांची चौकशीच केली नाही.

आई मात्र गप्प बसली नव्हती. जूनमध्ये तिनं त्या ढिगावर रताळ्याचे वेल लावून टाकले. भुसभुशीत माती, पाण्याला उतार, वेलांनी डोंगर झाकून टाकला. नवरात्राच्या उपासाला घरची रताळी निघाली, मनगटाएवढी. गल्लीत वाटली. पोतंभर उरली, ती बेळगावच्या बाजारात गेली. खांबाचे पैसे त्यातनं सुटले.

परवा आई काठावर उभी राहून कोरड्या खड्ड्याकडं बराच वेळ बघत होती. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"त्या रायबागच्या पोराचा नंबर हाय काय रे?" म्हणाली, "ढीग कमी पडतोय. अजून एक तळं काढूया की."