‘नाव एक, तर पेशाही एक’ : एका व्हायरल दाव्याचा प्रतिवाद

खानदेशात बारशाच्या निमित्ताने मोबाइलवर पुन्हा पुन्हा फिरणारा एक मजकूर असे सांगतो की एकाच नावाची माणसे एकाच क्षेत्रात जातात. संत बहिणाबाई आणि आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी, दोघी कवयित्री. एकनाथ खडसे आणि एकनाथ शिंदे, दोघे राजकारणी. शिवाय हे अमेरिकेत सिद्ध झाले आहे, तेव्हा बाळाचे नाव करिअर पाहूनच ठेवावे, असा त्याचा सल्ला आहे.

बहिणाबाईंचा दाखला वरकरणी बिनतोड वाटतो. पहिल्या सतराव्या शतकातल्या, तुकोबांना गुरू मानून अभंग रचणाऱ्या. दुसऱ्या १८८० साली जन्मलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या आणि शेतात, घरोट्यावर गाणी रचणाऱ्या. मात्र ती गाणी घरच्यांनी उतरवून घेतली नसती, तर १९५२ साली त्यांचा संग्रह निघाला नसता आणि हाच मजकूर लिहिणाऱ्याने त्यांची गणना, नाव तेच असूनही, शेतकरी बाईत केली असती. खानदेशातल्या ज्या बहिणाबाईंची गाणी कोणीच टिपली नाहीत, त्या या हिशेबात मुळी आलेल्याच नाहीत.

एकनाथांचे उत्तर थोडक्यात देता येते. एकनाथ सोलकर यांनी २७ कसोटी सामन्यांत ५३ झेल घेतले आणि एकनाथ रानडे यांनी कन्याकुमारीचे विवेकानंद शिला स्मारक उभारून घेतले. ज्यांच्यामुळे हे नाव घरोघरी पोचले, त्या पैठणच्या नाथांना राजकारणात कुठे बसवायचे, हे दावा करणाऱ्यानेच सांगावे.

खरी कसोटी लावायची तर वडिलांचे नावही सारखे असलेली माणसे घ्यावीत. पांडुरंग सदाशिव साने अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, वसतिगृहातल्या मुलांचे गुरुजी झाले आणि १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषणाला बसले. पांडुरंग सदाशिव खानखोजे वर्ध्याचे. ते गदर चळवळीत गेले, पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवत त्यांनी मक्याच्या वाणांवर काम केले आणि दिएगो रिव्हेरा या चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवले. दोघांनीही इंग्रजी सत्तेला विरोध केला आणि दोघांनीही शिकवले, हे मान्यच करायला हवे; पण ती त्या पिढीची ओढ होती. पांडुरंग वामन काणे त्याच पिढीतले आणि त्याच नावाचे, तरी त्यांचे आयुष्य धर्मशास्त्राच्या इतिहासलेखनात गेले.

अमेरिकेतल्या संशोधनाचा तर अर्थच उलटा लावला गेला आहे. २००२ सालच्या त्या निबंधाचा विषय नावाचा आणि पेशाचा उच्चार जुळणे हा होता. डेनिस नावाचे डेंटिस्ट जास्त आढळतात, असे त्यात म्हटले होते. २०११ साली उरी सायमनसोन यांनी दाखवून दिले की डेनिस हे नाव त्या डेंटिस्टांच्या वयोगटात मुळातच जास्त होते आणि वकिलांमध्येही ते तसेच जास्त आढळते. म्हणजे नावावरून फार तर जन्माचा काळ ओळखता येतो.

यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. रावेर-यावलकडच्या एखाद्या गावात एकाच नावाआडनावाचे तीन पाटील असले, तर एक ‘मास्तर’, दुसरे ‘रेल्वेतले’ आणि तिसरे ‘केळीवाले’ म्हणून ओळखले जातात. नावाने पेशा ठरत असता, तर ही खूण कुचकामी ठरली असती आणि पोस्टमनला दर वेळी वडिलांचेच नाव विचारावे लागले असते.