तापलेल्या कुत्र्यावर पाणी ओता, पॅरासिटामॉल देऊ नका

डिचोलीहून मामीने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली: "बघ रे, गोळी आणून ठेवू काय?" तिच्याकडे पग, म्हणजे चपट्या नाकाचा कुत्रा आहे आणि मे महिना चालू आहे. तोच मजकूर आमच्या वाड्यावरच्या ग्रुपवरही आलाय. 'कुत्र्याला धाप लागली तर डॉक्टरकडे धावू नका, घरीच करा' असं वर ठळक अक्षरांत, आणि खाली सहा उपाय. त्यांतल्या दोन उपायांनी कुत्रा दगावू शकतो. आधी तेच दोन घेतो.

"तापलेल्या कुत्र्यावर गार पाणी ओतू नका, धक्का बसून हृदय बंद पडतं. ओला टॉवेल गुंडाळून सावलीत ठेवा."

हा समज जुना आहे. चांगली जाणती माणसंही तो छातीठोकपणे सांगतात, म्हणून यावरच जास्त लिहितो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायची त्याची मुख्य वाट एकच: तोंड उघडून भराभर श्वास घ्यायचा आणि जिभेवरचा, श्वासमार्गातला ओलावा वाफ होऊन जाऊ द्यायचा. गोव्यात मे महिन्याची हवा इतकी दमट असते की सावलीत कपडे वाळत नाहीत. त्या हवेत कुत्र्याचं धापणंही अपुरं पडतं. म्हणून 'आज पारा फार चढला नाही' म्हणून निर्धास्त राहू नये. आणि अशा कुत्र्याला टॉवेलात गुंडाळलं की तो टॉवेल थोड्याच वेळात अंगाइतका गरम होतो आणि वाऱ्याचीही वाट अडवतो.

लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या 'व्हेटकंपास' प्रकल्पात ब्रिटनमधल्या 2016 ते 2018 या काळातल्या, उष्म्याने आजारी पडलेल्या कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. दवाखान्यात आणण्याआधी ज्यांना गार केलं होतं असे कुत्रे जेमतेम 22 टक्के निघाले, आणि एकूण ज्यांना गार केलं गेलं त्यांतही योग्य पद्धत वापरली गेली होती ती साधारण एक चतुर्थांश कुत्र्यांवर. ओला टॉवेल तिथेही सर्रास वापरला गेला होता. संशोधकांचं सांगणं स्पष्ट आहे: आधी गार करा, मग न्या. तरुण, धडधाकट कुत्र्याला गार पाण्यात बसवलं तरी चालतं. म्हातारा, आजारी किंवा चपट्या नाकाचा असेल तर अंगावर पाणी ओतत राहायचं आणि वारा घालायचा.

म्हणजे फॉरवर्डमध्ये खऱ्याचा अंश असलाच तर एवढाच, की मामीच्या पगला टबात बुडवू नये. पाणी मात्र ओतायचंच. बर्फ शोधत बसू नका. 41 अंशांवर गेलेल्या कुत्र्याला विहिरीचं पाणी पुरेसं गार असतं. गच्चीवरच्या टाकीचं असेल तर आधी नळ थोडा वेळ सोडून द्या, कारण दुपारी तिथून कढत पाणी येतं. पोट, काखा, जांघा भिजवा, नाकातोंडात पाणी जाऊ देऊ नका, पंखा लावा. कुडकुडायला लागला की थांबा. आणि सावरल्यासारखा दिसला तरी दवाखान्यात न्याच. उष्माघातात मूत्रपिंड, यकृत, रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि ते बाहेर दिसायला काही तास लागतात.

"अंग गरम लागलं तर पॅरासिटामॉल 650 द्या, श्वास मोकळा होतो."

हे वाचून माझा संताप झाला. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस असतं. निरोगी कुत्राही आपल्या हाताला गरमच लागणार. उष्माघात हा तापच नव्हे, त्यामुळे तापाची गोळी तिथे काही करत नाही. हिशेब करा: 5 किलोच्या पॉमेरेनियनला 650ची एक गोळी म्हणजे किलोमागे 130 मिलिग्रॅम. किलोमागे 100च्या आसपासच कुत्र्याच्या यकृताला विषबाधेचा धोका सुरू होतो. मात्रा आणखी वाढली की रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेईनासं होतं आणि हिरड्या तपकिरी दिसू लागतात. ज्या जिवाला आधीच श्वास पुरत नाही, त्याला हे औषध म्हणून द्यायचं? मांजरांना तर या गोळीचा तुकडाही जीवघेणा ठरतो, आणि फॉरवर्डमध्ये 'मांजरांनाही चालेल' असं लिहिलंय.

निलगिरीची वाफ आणि छातीला बाम: नको. कुत्रा तो बाम चाटतो आणि वासाने श्वासनलिका आणखी चिडते. तोंडात चमच्याने पाणी ओतणं: तेही नको, ते फुप्फुसात जाऊ शकतं. स्वतःहून पीत असेल तर पिऊ द्या.

"घरघरतोय, लाळ गळतेय म्हणजे घशात हाड अडकलं, हात घालून काढा." हाड अडकतंही, नाही असं नाही. पण गिळता न येणं, लाळ, बदललेला आवाज ही रेबीजचीही लक्षणं आहेत. गोव्यात 2014 पासून 'मिशन रेबीज' या संस्थेने कुत्र्यांच्या लसीकरणाचं मोठं काम केलंय, म्हणून अनोळखी कुत्र्याच्या तोंडात हात घालायला आपण मोकळे झालो असं नाही. लाळ जखमेला लागली तर 15 मिनिटं साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा.

"खरडल्यासारखे उलटे श्वास घेतो, आपोआप थांबतं." हे बरोबर आहे, मान्य. उलटी शिंक म्हणतात ती हीच. मिनिटभरात थांबते आणि कुत्रा लगेच पहिल्यासारखा खेळतो. पण त्याच दमात 'पगचं घोरणं गोड असतं, काळजी नको' असंही लिहिलंय. अरुंद नाकपुड्या आणि लांब, मऊ टाळू यांमुळे तो जीव श्वास खेचत असतो. जागेपणीही घरघरत असेल तर दाखवून घ्या.

खरा त्रास ओळखायचा कसा, हे त्या फॉरवर्डमध्ये कुठेच नाही. कुत्रा गाढ झोपलेला असताना छाती किती वेळा वर येते ते मिनिटभर मोजा. 30च्या वर वारंवार जात असेल तर डॉक्टरांना कळवा. मान पुढे ताणलेली, कोपरं अंगापासून फाकलेली, दर श्वासाला पोट आत ओढलं जातंय, आडवं व्हायला तयार नाही, हिरड्या निळसर, करड्या किंवा पांढऱ्याफटक: यांतलं काहीही दिसलं तर वाट बघू नका. हिरड्या फिक्या आणि अंगावर गोचीड असतील तर रक्त कमी झाल्यानेही धाप लागते. पावसात भाटातून, म्हणजे बागायतीतून आलेला कुत्रा एकाएकी लुळा पडून श्वासासाठी धडपडत असेल तर सर्पदंश असू शकतो, आणि तिथे एकेक मिनिट मोलाचं.

नेताना पाठीवर झोपवू नका, तोंड बांधू नका, त्याला हवं तसं बसू द्या. गाडीचा एसी आधीच सुरू करा. निघण्यापूर्वी दवाखान्यात फोन करून ऑक्सिजनची सोय आहे काय ते विचारा, कारण सगळीकडे ती नसते. रात्री कोण उघडं असतं त्याचा नंबर आजच शोधून फ्रिजवर चिकटवा. मामीला तेवढं काम मी दिलंय.