आधी लगीन लेहचं

आख्खा देश सुट्टीला गोव्यात येतो. त्यामुळे गोव्याच्या माणसाने सुट्टीला जायचं कुठं, हा प्रश्न मुळातच अवघड. त्यातून लग्नाला दोन-तीन वर्षं झालेली असावीत, मे महिन्यातली लेहची तिकिटं स्वस्त दिसावीत, आणि नेमकं त्याच आठवड्यात दोघांच्याही मनात ‘आता बाळासाठी चान्स घ्यायला हरकत नाही’ असं यावं. मग भिंतीवरचं कालनिर्णय खिळ्यावरून उतरतं आणि जेवणाच्या टेबलावर आडवं होतं.

आमच्या घरात शेवटी काय ठरलं, हे अजून शेजारच्या काकींनाही कळलेलं नाही. तेव्हा ते इथं सांगायचा प्रश्नच नाही. हिशेब मात्र सांगते, कारण तो करताना बहुतेक जोडपी पहिल्याच पायरीवर घसरतात.

ती पायरी म्हणजे ‘नऊ महिने’. डॉक्टर महिने मोजत नाहीत, आठवडे मोजतात. एकूण ४० आठवडे, म्हणजे २८० दिवस, आणि तेही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. त्यातले पहिले दोन आठवडे बाई गरोदर नसतेच. रुजू व्हायच्या आधीच सेवाकाळ धरायला लागणारं हे जगातलं एकमेव खातं असावं. तारीख काढायची रीत सोपी आहे: शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात सात दिवस मिळवा आणि तीन महिने मागे या. १ जानेवारी असेल तर ८ जानेवारी, तिथून मागे ८ ऑक्टोबर. ही आली तारीख. बाळ ती पाळेलच असं नाही, पण सुरुवातीच्या सोनोग्राफीत फार तफावत निघाली नाही तर कागदावर तीच राहते.

आता लेहचं विमान १५ मेला, सहल दहा दिवसांची आणि पाळी १ जानेवारीला आलेली, बरोबर २८ दिवसांची धरू. जानेवारीपासून चान्स घेतला तर विमानात कोण बसतं?

पहिल्याच महिन्यात जमलं, तर १५ मेला १९ आठवडे १ दिवस. पोट दिसतंय, उलट्या थांबल्यात, भूक परतलीय. फक्त १८ ते २० आठवड्यांची मोठी सोनोग्राफी निघण्याआधी उरकलेली हवी. दुसऱ्या महिन्यात जमलं तर १५ आठवडे १ दिवस. ही बाई म्हणजे कुठल्याही पर्यटन खात्याची लाडकी: खाते, झोपते, चालते आणि फोटोत पोटही दिसत नाही. तिसऱ्या महिन्यात जमलं तर ११ आठवडे १ दिवस. बाळाच्या नाकाच्या हाडाची आणि मानेमागच्या पाण्याची तपासणी ११ ते पावणेचौदा आठवड्यांत व्हावी लागते, तेव्हा परतायची तारीख हलवायची सोय नाही. चौथ्या महिन्यात जमलं तर ७ आठवडे १ दिवस. हिला विमानतळावरच्या कॉफीचा वास सहन होत नाही, नवऱ्याचा होत नाही आणि नवऱ्याने हौसेने घेतलेल्या नव्या जॅकेटचा तर मुळीच होत नाही. आणि पाचव्या महिन्याची? ३ आठवडे १ दिवस. तिला स्वतःलाच माहीत नाही. किटवर काही उमटत नाही. पाळी २१ मेला यायची, म्हणजे ऐन पँगाँगच्या काठावर, जिथं केमिस्टचं दुकान सोडाच, मोबाइलची रेंजसुद्धा नशिबाने मिळते.

एकच तिकीट, एकच सीट, पण बसणाऱ्या बायका पाच. आणि सहावी राहिलीच: जिला या पाचही महिन्यांत दिवस गेले नाहीत. ही सहावी अजिबात दुर्मीळ नाही. तरुण, निरोगी जोडप्याचं एका महिन्यात जमायची शक्यता साधारण पाचात एक, फार तर चारात एक. पाचात एक धरून गुणाकार केला तर पाच महिन्यांनंतरही दर तीन जोडप्यांतलं एक होतं तिथंच असतं. वर्षभरात मात्र शंभरातल्या ऐंशी-पंच्याऐंशींचं जमतं. म्हणून डॉक्टरही पस्तिशीच्या आतल्यांना वर्षभर आणि पस्तिशीनंतर सहा महिने वाट बघून मगच या म्हणतात. आपली पिढी दहा मिनिटांत जेवण मागवते. तिला वाटतं, ऑर्डर केली की पोचली.

आता लेहकडे वळू. लेह साधारण ३५०० मीटरवर. समुद्रसपाटीला राहणाऱ्या गरोदर बाईने सुमारे २५०० मीटरच्या वर मुक्काम टाळावा असं सर्वसाधारणपणे सांगतात. आपण समुद्रसपाटीचे म्हणजे किती? भरतीला खाडीकाठच्या खाजन शेतात पाणी शिरतं, इतके. दिल्लीहून विमानाने थेट लेहला उतरलं की धडधाकट माणसाचंही पहिले दोन दिवस डोकं ठणकतं. त्यावर घेतात ती अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी पहिल्या तीन महिन्यांत टाळायची. म्हणजे वरच्या पाचही जणींना लेह बादच. त्यातली पाचवी तर नकळत गोळी घेऊन बसलेली असायची. अंदमानचं स्कुबाही गरोदरपणात बंद, आणि मालवणचंही. तेव्हा ‘आधी लगीन लेहचं’ असा हट्ट असेल तर सरळ लेहचं लावावं, चान्स जूनपासून घ्यावा, एवढं साधं आहे. ठिकाण बदलायची तयारी असेल तर मात्र दोन्ही एकत्र नांदतात: मुन्नार सुमारे १५०० मीटर, मनाली २०००, उटी सव्वादोन हजारांच्या आसपास. मुन्नारला मडगावहून रेल्वेने एर्नाकुलमपर्यंत जाता येतं. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधीच उघडतं. आमच्यासारख्यांसाठी हे वरदानच, कारण ६० दिवसांत निदान आपण कितवी बाई आहोत ते तरी कळलेलं असतं. गरोदर बायकांना लोअर बर्थचा कोटाही आहे. घाटाचा रस्ता तेवढा सातव्या आठवड्यातलीने टाळावा.

सातव्या आठवड्याबद्दल जरा थांबून बोलायला हवं. उलट्या साधारण सहाव्या आठवड्याला सुरू होतात, नवव्याच्या आसपास कळस गाठतात आणि बाराव्या ते सोळाव्यात बऱ्याच जणींच्या ओसरतात. प्रवास टळत नसेल तर निघण्याआधी एक सोनोग्राफी कराच. गर्भ गर्भाशयातच आहे, नळीत नाही, हे कळायला हवं. एका बाजूला कळ आणि रक्तस्राव असला प्रसंग घाटात ओढवायला नको. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी काहीतरी कोरडं खावं. त्याला पोदेराकडच्या, म्हणजे पाववाल्याकडच्या, बांगडीसारख्या गोल काकणांइतकी चांगली वस्तू कुठल्याही केमिस्टकडे मिळत नाही: कडक, कोरडी, वास नसलेली आणि पिशवीत आठवडाभर टिकणारी. पाणी उकळलेलं किंवा सीलबंद. दूषित पाण्यातून येणारी ई प्रकारची कावीळ गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जीवावर बेतते. तेव्हा रस्त्यावरची पाणीपुरी नवऱ्याने खावी आणि ती कशी होती हेही सांगू नये.

चान्स कधी घ्यायचा, यातही लोक फसतात. मोबाइलवरची काही अ‍ॅप्स सगळ्यांना सरसकट चौदावा दिवस सांगतात. पण स्त्रीबीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी. पाळी ३२ दिवसांची असेल तर अठराव्या दिवशी. बीज फार तर एक दिवस टिकतं, शुक्राणू पाच दिवसांपर्यंत. म्हणून उपयोगाचे दिवस सहा: पाच बीज सुटण्याच्या आधीचे आणि एक ते सुटण्याचा. बीज सुटण्याचा अंदाज देणाऱ्या एलएच किटवर रेघ गडद झाली की पुढच्या २४ ते ३६ तासांत बीज सुटतं. नेमका त्याच रात्री नवरा वेर्ण्याच्या कारखान्यात नाइट शिफ्टला असतो किंवा घरी पणजीची मावशी मुक्कामाला असते. एक दिवसाआड हा साधा नियम किटपेक्षा स्वस्त आणि मावशीपुढेही टिकणारा.

नवऱ्यांना वाटतं, तयारी बायकोची, आपलं काम तिकिटं काढायचं. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. म्हणजे मेमधल्या चान्सची तयारी फेब्रुवारीत. आणि गोव्यात फेब्रुवारी-मार्चला काय सुरू होतं? उर्राक, काजूच्या बोंडांची पहिल्या धारेची दारू. बायकोला तर गरोदरपणात दारूचा सुरक्षित म्हणावा असा घोटच नाही. पाळीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या त्या दोन आठवड्यांतही नको. नवऱ्यानेही हात आखडता घ्यावा, सिगरेट-गुटखा सोडावा. मोसमातून एकदाच येणारी गोष्ट सोडायची म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळणार नाही. पण पुढच्या वर्षी काजू पुन्हा लागणारच आहेत.

या सगळ्यात जे आजच करायचं, ते कुणीच करत नाही. फॉलिक अ‍ॅसिड. दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम, चान्स घ्यायच्या निदान महिनाभर आधीपासून ते बाराव्या आठवड्यापर्यंत. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकली, किट आणलं, सासूबाईंना सांगितलं, डॉक्टरांची वेळ मिळाली, तोवर काम होऊनही गेलेलं असतं. आणि गोळीची पट्टी वाचून घ्या. आपल्याकडे केमिस्ट सहज ५ मिलिग्रॅमची देतो. ते ४०० मायक्रोग्रॅमच्या साडेबारा पट. ती मधुमेह, फिट्सची औषधं किंवा आधीच्या बाळात दोष अशा कारणांसाठी डॉक्टर लिहून देतात. सहल आधी, बाळ नंतर असं ठरलं तरी ही गोळी सुरू करायला काही बिघडत नाही. ठरलेलं बदलतं, तेही रात्रीचं.

तसंच हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, रक्तगट, थॅलेसिमियाची तपासणी आणि रुबेलाची अँटिबॉडी. रुबेलाची प्रतिकारशक्ती नसेल तर लस घ्यायची आणि त्यानंतर महिनाभर चान्स बंद. कांजिण्यांच्या लशीचंही तेच. दाढ दुखत असेल तर रूट कॅनल आत्ताच. एवढ्या तपासण्या होईपर्यंत तिकिटांचे भाव वाढतात, हे खरं.

विम्याचं एका दमात सांगते. मॅटर्निटीचं कव्हर लगेच लागू होत नाही. काही पॉलिसींत नऊ महिने, बऱ्याच पॉलिसींत दोन ते चार वर्षं थांबावं लागतं. प्रवासविमा नेहमीच्या गरोदरपणाचा खर्च बहुधा धरत नाही. हॉटेल फुकट रद्द होणारं घ्या, विमानाचं तिकीट तारीख बदलता येणारं. बऱ्याच कंपन्या २८ आठवड्यांच्या आसपास डॉक्टरांचं पत्र मागायला लागतात आणि ३६ नंतर बसवत नाहीत. जुळी असतील तर त्याही आधी दार बंद. नियम कंपनीगणिक निराळे. आणि पत्र नीट सांभाळून नेलं तरी विमान मोपाहून आहे की दाबोळीहून, ते आदल्या रात्री बघावं; त्या घोटाळ्याला कुठलंच पत्र चालत नाही.

हे सगळं दोघांनी जमवलं की खरी परीक्षा सुरू होते. घरात कुणीतरी वडीलधारं कालनिर्णय उलट्या बाजूने वाचतं. बाळ कधी येणार? सप्टेंबरात? मग चवथीचं काय? गावच्या घरी सगळी भावकी जमणार, गणपतीवर फळापानांची माटोळी बांधणार, नेवऱ्या तळणार, आणि ऐन चवथीच्या आठवड्यात बाळ आलं तर सगळ्यांना सोयर. एका बाळापायी पन्नास माणसांचा गणपती पुढे ढकलायचा. ही भानगड टाळायची तर डिसेंबरातली पाळी सोडून द्यावी लागते. जानेवारीतल्या पहिल्या पाळीवर जमलं तर चवथीला साधारण छत्तिसावा आठवडा चालू असतो. सोयर नाही, पण नेवऱ्या तळायलाही कुणी बसवत नाही, हा त्यातला फायदा.

काही घरांत शेवटी प्रसाद लावायचा ठरतो. देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर हो. पण कौलाला प्रश्न एकच लागतो, हो-नाहीचा. आपला प्रश्न असा: ‘देवा, मार्चमधल्या पाळीवर जमणार असेल तर मुन्नार, एप्रिलमधल्यावर जमणार असेल तर घर, आणि जमणारच नसेल तर लेह, असं चालेल का?’ पाकळीने काय करावं? भटजी ‘गाऱ्हाणं सुटसुटीत करा’ म्हणतात, आणि ते बरोबरच आहे.

आणि ‘आत्ताच फिरून घ्या, मूल झालं की संपलं’ असं म्हणणारे भेटतातच. त्यांचं ऐकून घ्यावं. दोन वर्षांखालच्या मुलाला विमानात वेगळी सीट घ्यावी लागत नाही, थोडंसं भाडं भरून ते मांडीवर बसतं. मांडी कुणाची, हे तेवढं तिकीट काढायच्या आधी ठरवा. दिल्लीपर्यंत अडीच तास आहेत.