‘सिक्युअर बूट हवंय कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त खात्रीची डिजिटल सही असलेलेच प्रोग्रॅम चालू देणारी सोय) म्हणजे मायक्रोसॉफ्टने आपल्या मशीनला ठोकलेलं कुलूप, अँटिव्हायरस असताना त्याची गरज नाही, आणि लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून आणलेल्या भाच्याच्या पीसीवर ते चालू करताच विंडोज उघडेना, असं तुमचं म्हणणं.

भाच्याचं आधी बघू, कारण त्याचं काम अडलंय. पीसी बिघडलेला नाही, डेटाही जागेवर असणार. विंडोज बहुधा लेगसी, म्हणजे जुन्या पद्धतीने टाकलेलं आहे, म्हणजे डिस्कची मांडणीही जुनी, एमबीआर प्रकारची. सिक्युअर बूटसाठी सीएसएम (जुन्या पद्धतीने मशीन सुरू करू देणारी सोय) बंद करावं लागतं आणि ते बंद झालं की अशा डिस्कवरून मशीन सुरूच होत नाही. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट बंद आणि सीएसएम चालू करा, विंडोज पूर्वीसारखं उघडेल. मग सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ‘बायोस मोड’ची ओळ बघा. तिथे ‘लेगसी’ दिसलं, तर बॅकअप घेऊन मायक्रोसॉफ्टच्याच एमबीआर2जीपीटी टूलने आधी डिस्क तपासायची, मग जीपीटी, म्हणजे नव्या मांडणीची करायची. सीएसएमला हात त्यानंतर. आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-एन्क्रिप्शन) चालू असेल तर 48 अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवल्याशिवाय यातलं काहीही करू नका. हे मी कळकळीने सांगतोय, ती की नसली तर डेटा परत मिळत नाही.

अँटिव्हायरस जागा होतो विंडोजबरोबर. बूटकिट, म्हणजे मशीन सुरू होतानाच शिरणारा व्हायरस, त्याच्याही आधी चालतं. 2023 मध्ये उघडकीस आलेलं ब्लॅकलोटस हे बूटकिट विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडरच, बंद पाडत होतं. त्याने सिक्युअर बूटलाही चकवलं हे खरंच, पण सही असलेला जुना, सदोष बूट मॅनेजर (विंडोज सुरू करणारा प्रोग्रॅम) वापरून. म्हणून तर डीबीएक्स, म्हणजे बाद ठरवलेल्या फायलींची यादी, अपडेट होत राहायला हवी.

कुलपाबद्दल निम्मं पटतं. बहुतेक मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या कीज, म्हणजे सह्या तपासायच्या डिजिटल किल्ल्या, आधीपासून असतात, आणि त्यांच्या 2011 च्या प्रमाणपत्रांची मुदत जून 2026 पासून संपायला लागते, त्यामुळे विंडोज आणि बायोसचे अपडेट टाळू नका. पण बऱ्याच बोर्डांवर त्या काढून स्वतःच्या कीज घालता येतात. उबुंटू आणि फेडोरा या लिनक्स प्रणाली तर सिक्युअर बूट चालू ठेवूनही चालतात. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स ड्रायव्हरसाठी तेवढी कधीकधी एमओके, म्हणजे मशीनच्या मालकाची स्वतःची की, नोंदवावी लागते.

भाच्याला ‘बायोस मोड’ची ओळ आणि मदरबोर्डचं मॉडेल इथेच लिहायला सांगा. त्याच्या बोर्डावर सीएसएमचा पर्याय कुठे आहे, ते शोधून सांगतो.