तांबड्या-पांढऱ्याचा लंबगोल

कोल्हापूरला कलापूर म्हणतात, आणि त्याचा खरा जाच ज्याला चित्र येत नाही त्याला होतो. दुसऱ्या गावात माणूस वाकडी रेघ काढून गप कागद चुरगाळू शकतो. इथं मागून कुणीतरी वाकून बघतंच आणि विचारतंच, "इंटरमीजिएटला ग्रेड कुठली हुती?"

मला चित्रकार व्हायचं नव्हतं. मला डबा करायचा होता. रविवारी तांबडा-पांढरा पार्सल घेऊन स्कूटरवरून निघालं की घरी पोचेस्तोवर पिशवीत गुलाबी रस्सा तयार. म्हणून स्कूटरच्या हुकाला अडकणारा, आत दोन भांडी झुलती ठेवणारा डबा माझ्या डोक्यात पक्का बसला होता. उद्यमनगरातल्या मिस्त्रींना तो तोंडी समजावला, हातवारेही केले. त्यांनी शांतपणे हात पुसले. "सायेब, कागदावर आणा."

पुतण्या प्रॉडक्ट डिझाइन शिकून आलाय. त्यानं आधी माझा खोडरबर जप्त केला. "काका, पेननंच काढायचं. चुकली रेघ तर शेजारी दुसरी." मनगट घट्ट ठेवायचं, रेघ खांद्यातून ओढायची. दोन ठिपके द्यायचे, पेन न टेकवता हात त्यांच्यावरून हवेतच फिरवून बघायचा आणि मग एका दमात ओढायची. मी हवेत हात फिरवत बसलेला बघून बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, बरं वाटंना झालंय काय? चहा टाकतो थांबा."

खोका त्या मानानं लवकर जमला. डोळ्यांच्या पातळीवर क्षितिजरेषा, तिच्यावर दोन लोपबिंदू, म्हणजे खोक्याच्या कडा लांब जाऊन जिथं मिळाल्यासारख्या दिसतात ते ठिपके. ते जवळजवळ घेतले तर खोका अंगावर धावून येतो, म्हणून लांब घ्यायचे. माझा एक बिंदू टेबलावर लोणच्याच्या बरणीपाशी पडला. बरणी कुणी हलवायची नाही असा घरात हुकूम काढला. तो कुणीही पाळला नाही.

खरा छळ लंबगोलाचा. भांड्याचं तोंड गोल असतं हे पोरालाही कळतं, पण तिरकं बघितलं की ते चपटं दिसतं. त्यातही नियम आहेत. लंबगोलाचा आखूड अक्ष भांड्याच्या मधल्या अक्षावरच यायला हवा. डोळ्याच्या पातळीजवळचा लंबगोल चपटा. जसजसं खाली जावं तसतसा गोलसर. म्हणजे भांडं टेबलावर असेल तर तळ हा तोंडापेक्षा जास्त गरगरीत काढायचा, आणि माझा हात तळाशी सरळ रेघ मारून मोकळा व्हायचा. शिवाय माझ्या लंबगोलांना दोन्ही बाजूंना टोकं यायची. आईनं चष्मा लावून पानभर बघितलं आणि म्हणाली, "करंज्या बऱ्या जमल्यात की रे."

शेजारचे निवृत्त ड्रॉइंग सर तर हळहळलेच. "बाबूराव पेंटर शूटिंगच्या आधी पात्रांचे कपडे, हालचाली कागदावर काढून ठेवायचे. आणि तुम्हाला डबा येईना?" बाबूरावांनी सिनेमाचा कॅमेरासुद्धा स्वतः बनवला होता, त्यांच्याशी माझी बरोबरी रश्श्यावरून करू नये. सरांनी कळवळून माझ्या डब्याला पेन्सिलनं अशी सुरेख छाया दिली की फ्रेमच करावी. पुतण्या कपाळाला हात लावून बसला, कारण त्या छायेत बिजागरी गडप झाली होती. मला आपला पुतण्याच पटला. मिस्त्रींना डबा देखणा दिसून काय करायचंय? झाकण कुठून उघडतं, पिन कुठं बसते, ते दिसायला हवं. मग त्यानं भांडी डब्याबाहेर सुटी मांडायला लावली, झोक्याचे बाण काढायला लावले आणि माप कळावं म्हणून कडीला धरलेला हात. त्या हाताला मी किती बोटं काढली ते सांगत नाही.

तो कागद मिस्त्रींनी उलटा धरला, सुलटा धरला. "आता कळालं," म्हणाले. "पर ह्यो निस्ता म्होरं-मागं झुलतोय. गाडी वळणावर कलली की?" खडू उचलून त्यांनी पत्र्यावर एका झटक्यात कडी काढली, तिच्या आत दुसरी, पहिलीला काटकोनात पिना असलेली. दोन्ही लंबगोल निर्दोष. मी नीट बघितलं, मनगट जरासुद्धा हललं नव्हतं.

"किती खर्च येईल?" मी विचारलं.

"त्ये मागनं सांगतो. मिसळीचा कट बी न्यायचा असंल तर आत्ताच बोला, तिसरं भांडं धरतो."