'काही करायच्या आतच गेली' म्हणणाऱ्यांना

आज दुपारी एका 27 वर्षांच्या मुलीला मातीत ठेवून आले. घरी येऊन तोंड धुतलं, कपडे बदलले, तरी एक वाक्य काही कानातून जाईना. म्हणून लिहायला बसलेय.

कबरीपासून परत निघालो तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "बिचारी. काही करायच्या आतच गेली. लग्न नाही, मूल नाही, नोकरीसुद्धा धड लागली नव्हती. वायाच गेलं म्हणायचं आयुष्य."

वाया? मी वळून बघितलं, पण बोलले नाही. तिची आई चार पावलांवर होती. आता वाटतंय, आई तिथे होती म्हणूनच बोलायला हवं होतं.

या माणसाला तिच्याबद्दल काही ठाऊक नसतं तर मी सोडून दिलं असतं. पण तो आमच्या याच चर्चच्या मंडळीत, याच बाकांवर वर्षानुवर्षं बसतोय. ती लहान मुलांचं संडे स्कूल, म्हणजे रविवारचा बायबलचा वर्ग, घ्यायची हे त्याला माहीत आहे. ते 'काही करण्यात' मोजायचं असतं, हे मात्र माहीत नाही.

माझा मुलगा बोलताना अडखळतो. माझ्या मित्रयादीतल्या पुष्कळांना हे ठाऊक आहे. आठ वर्षांचा होता तेव्हा शाळेत मोठ्यानं वाचायची पाळी आली की त्याच्या पोटात दुखायचं. एका रविवारी तिनं त्याला बायबलमधलं वचन वाचायला दिलं. मी मागच्या बाकावर होते. 'प'वर अडकला. मुलं अजून हसली नव्हती, पण आता हसणार हे मला दिसत होतं. मी शब्द पुरवायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं माझ्याकडे न बघताच हात वर केला. नुसता तळहात. आणि ती त्याच्याकडे बघत थांबली. डोळ्यांत कीव नाही, घाई नाही, 'चल, जमेल तुला' असला आवसुद्धा नाही. त्याला काय म्हणायचंय ते ऐकायचंय, म्हणून थांबलेली. घड्याळात अर्धा मिनिट गेला असेल. माझा जीव तेवढ्यात गेला. शब्द आला. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत, शाबासकी दिली नाही. "हं, पुढे," एवढंच म्हणाली.

त्यानंतर दर रविवारी हेच. वर्षानुवर्षं. दोन वर्षांपूर्वी तिचं दुखणं कळलं, त्यानंतरही. उपचार चालू होते, डोक्याला रुमाल बांधून यायची, खुर्चीत बसून शिकवायची, आणि पोरगा अडकला की तशीच थांबायची. ज्याच्याकडे दिवस मोजके असतात त्यानं घाई करावी ना? आम्ही सगळे धडधाकट माणसं घाईत होतो. ती नव्हती.

बायबलमधली याईराची गोष्ट तुम्ही शंभरदा ऐकली असेल. त्याची बारा वर्षांची मुलगी मरायला टेकलेली, येशू त्याच्याबरोबर निघालेला, भोवती गर्दी. मध्येच बारा वर्षं रक्तस्रावानं पिडलेली एक बाई मागून येऊन त्याच्या वस्त्राच्या काठाला शिवते. बरी होते. काम झालेलं आहे, पुढे चालायला हरकत नाही. पण तो थांबतो. मला कोण शिवलं म्हणून विचारतो, तिला पुढे येऊ देतो, तिचं सगळं ऐकून घेतो, तिला 'मुली' म्हणतो. आणि तो थांबलेला असतानाच याईराच्या घरून निरोप येतो, मुलगी मेली, गुरुजींना आता त्रास देऊ नका. याईराच्या जागी मी असते तर त्या बाईवर ओरडले असते, खरं सांगते. मुलीला पुढे त्यानं उठवलं हे आपल्याला माहीत आहे, याईराला त्या क्षणी माहीत नव्हतं. तिशीच्या सुमारास काम सुरू केलेल्या, थोडीच वर्षं हाताशी असलेल्या माणसाचं हे थांबणं आहे. वधस्तंभावर, म्हणजे क्रुसावर, जाण्याच्या आदल्या रात्री तो पित्याला म्हणतो, तू दिलेलं काम मी पुरं केलं. त्या रात्री देशात आजारी माणसं शिल्लक नव्हती? आंधळे, कुष्ठरोगी, भुकेले? होतेच की. तरी म्हणतो, पुरं केलं.

आपल्याकडे मात्र 'उद्देशपूर्ण जीवन' म्हटलं की व्यासपीठावरून एकच माळ ओढली जाते. भारतात आलेला इंग्रज मिशनरी हेन्री मार्टिन 31व्या वर्षी, 1812 साली गेला, पण तेवढ्यात बायबलचा नवा करार उर्दूत आणि फारसीत आणला. बघा, तरुणांनो! मोठा माणूस, त्याच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. आणि असली उदाहरणं ऐकून एखादा तरुण खरोखर उठून कामाला लागतो, हेही मान्य. पण ऐकणाऱ्यांतल्या बाकीच्या नव्व्याण्णवांना काय कळतं? की लवकर मरायचं असेल तर निदान एक ग्रंथ मागे ठेवून मरा.

बायबलमधला मथुशलह 969 वर्षं जगला. पवित्र शास्त्र त्याच्याबद्दल काय सांगतं? 187व्या वर्षी लामेख झाला, मग आणखी मुलंमुली झाल्या, मग तो मेला. बस. आणि यापो गावची दुर्कस? ती किती वर्षं जगली ते कुणी लिहून ठेवलं नाही. लिहिलंय ते हे, की ती मेली तेव्हा विधवा रडत उभ्या होत्या आणि तिनं शिवलेले अंगरखे आणि वस्त्रं येशूचा शिष्य पेत्र याला दाखवत होत्या. तिच्या हातचे टाके दाखवत होत्या! मी हे आज परत काढून वाचलं आणि मग बराच वेळ पुढचं काही वाचता आलं नाही.

दीर्घायुष्य हा आशीर्वाद आहे, आईबापांचा मान राख या आज्ञेतच तसं वचन आहे. कबूल. तिला आणखी पन्नास वर्षं मिळायला हवी होती. आणि 'देवाची योजना होती हो' असं तिच्या आईच्या कानाशी आज जे पुटपुटत होते, त्यांचाही मला तितकाच राग आला. मेलेल्या लाजराला आता आपणच उठवणार हे माहीत असूनही येशू रडला. तुम्हाला दोन मिनिटं गप्प बसून रडता येत नाही?

चिडून लिहितेय, कळतंय मला. ज्यानं ते 'वाया' म्हटलं तो काही दुष्ट माणूस नाही. लोकांच्या अडीनडीला धावून जातो, आज खांदासुद्धा दिला त्यानं. पण आज उपासनेत जे झालं ते सांगितल्याशिवाय ही पोस्ट पुरी होणार नाही.

बायबलमधलं स्तोत्र 90 वाचायचं होतं. तिच्या आईनंच सांगितलं होतं, माझ्या मुलानं वाचावं. आता तेरा वर्षांचा आहे. आदल्या रात्री आरशासमोर किती वेळा वाचलं असेल त्यानं. सत्तर वर्षं, ऐंशी वर्षं, ते सगळं नीट वाचलं. मग बाराव्या ओवीवर आला. आमचे दिवस असे ग... ग... आणि थांबला. अख्खं चर्च गप्प. मी पदर घट्ट धरून बसले, तोंड उघडलं नाही, एवढं तरी मी तिच्याकडून शिकलेय. आणि पुढच्या बाकावरून मोठ्यानं आवाज आला, "गणण्यास!"

आवाज त्याच माणसाचा. मदतच करायची होती त्याला, मला माहीत आहे.

मुलानं मान खाली घातली आणि उरलेलं भराभर वाचून टाकलं.

रात्री जेवला नाही. दिवा मालवायला गेले तर भिंतीकडे तोंड करून पडला होता. मला वाटलं झोपला. मग म्हणाला, "आई, मला तो शब्द येत होता. ताई असती तर आला असता."