धूळपाटी, खिसा आणि एक फॉरवर्ड

शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर तोच मेसेज चौथ्यांदा आला. सारांश असा: इस्लामी जगाचं 'सुवर्णयुग' ही निव्वळ थाप. अंक आपले चोरले, बाकी ग्रीकांची भाषांतरं केली, त्यातले विद्वान मुसलमान नव्हतेच, जे थोडं होतं ते गझाली नावाच्या धर्मपंडिताने संपवलं, आणि सहिष्णुता औषधालाही नव्हती. खाली हात जोडलेले तीन इमोजी. तीनदा गप्प बसलो. पण पोटापाण्यासाठी गणित शिकवतो, त्यामुळे पहिलाच मुद्दा झोंबला.

'अंक चोरले.' चोरीचा माल कुणाच्या घरचा आहे हे चोर पाटीवर लिहून ठेवत नाही. नवव्या शतकात बगदादला अल-ख्वारिज्मीने या अंकांवर पुस्तक लिहिलं, ते हिंदूंची आकडेमोड म्हणूनच. त्याची अरबी प्रत हरवली, लॅटिन भाषांतरं उरली, आणि त्याच्या नावाच्या लॅटिन रूपातून 'अल्गोरिदम' आला. 1202 साली इटलीत फिबोनाची या गणितीनेही त्यांना 'भारतीयांचे नऊ अंक' असंच म्हटलं. 'अरबी अंक' हे नाव युरोपात रूढ झालं. अरबांनी ते स्वतःला चिकटवून घेतलेलं नाही.

शिवाय घेतलं ते जसंच्या तसं ठेवलं असंही नाही. आपली आकडेमोड धूळपाटीवरची. बेरीज पुढे सरकली की आधीचा आकडा बोटाने पुसायचा आणि नवा लिहायचा. शेवटी फक्त उत्तर उरतं, वाट दिसत नाही. चूक कुठे झाली हे शोधायचं कसं? 952-53 च्या सुमारास दमास्कसमध्ये अल-उक्लिदिसी नावाच्या गणितीने हीच अडचण धरली आणि सगळ्या रीती शाई-कागदासाठी नव्याने बसवल्या, काही न पुसता. (धूळपाटी घेऊन बसलं की लोकांना रस्त्यावरचा ज्योतिषी वाटतो, अशीही त्याची कुरकुर आहे.) त्याच पुस्तकात तो 19 ची निम्मी करतो, परत निम्मी, असं पाच वेळा. साडेनऊ, पावणेपाच असं करत तो 0.59375 वर पोचतो, आणि एककाच्या जागेवर खूण करतो, म्हणजे पुढचे आकडे अपूर्णांकाचे. दशांश चिन्हाचा हा पूर्वज. दहाची स्थानपद्धती आपली, पण ती एककाच्या उजवीकडे चालवून बघायचं त्याला सुचलं. पाचवीच्या मुलांना दशांश शिकवताना मला दर वर्षी तो आठवतो.

'बाकी नुसती भाषांतरं.' भाषांतराला 'नुसती' म्हणणाऱ्याने एक पान करून बघावं. त्रिकोणमितीतला 'साइन' घ्या. आपल्याकडे ज्या, म्हणजे धनुष्याची दोरी, किंवा जीवा. अरबीत त्याचं 'जीब' झालं. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, त्यामुळे पुढे तो शब्द 'जैब' वाचला गेला. जैब म्हणजे झग्याचा गळा, छातीवरची घडी, आणि पुढे खिसा. हिंदीतली 'जेब' तीच. बाराव्या शतकातल्या लॅटिन भाषांतरकारांनी इमानदारीने त्याचं 'सायनस' केलं, म्हणजे वळण, खोबण. धनुष्याची दोरी अशी खिशात गेली. या प्रवासात मधल्या लोकांनी टॅन्जंटची कोष्टकं केली, आणि तेराव्या शतकात नसीरुद्दीन तुसीने त्रिकोणमितीला खगोलापासून सोडवून स्वतंत्र विषय म्हणून मांडलं. हे टपालखात्याचं काम नाही.

आणि इब्न अल-हैथम हा प्रकाशाचा अभ्यासक तर टॉलेमी या ग्रीक खगोलज्ञाच्या चुकांवर स्वतंत्र ग्रंथच लिहून बसला. अंधाऱ्या खोलीच्या छिद्रासमोर ओळीने दिवे ठेवायचे. आत भिंतीवर तितकेच उजेडाचे ठिपके. एक दिवा झाका, नेमका त्याचाच ठिपका जातो. म्हणजे छिद्रातून जाताना प्रकाश एकमेकांत मिसळत नाही. हे अकराव्या शतकातलं. ग्रीकांचं भाषांतर करून असं काही हाती लागत नाही.

'गझालीने संपवलं.' गझाली वारला 1111 मध्ये. इराणातल्या मराग्याची वेधशाळा 1259 ची. दमास्कसच्या उमय्या मशिदीत नमाजाच्या वेळा काढणारा इब्न अल-शातिर 1375 मध्ये वारला. त्याची चंद्राच्या गतीची मांडणी पुढे कोपर्निकसमध्ये जवळपास तशीच दिसते. 1424 मध्ये समरकंदला अल-काशीने पायची किंमत 16 दशांश स्थळांपर्यंत काढली. एका माणसाने संपवलेलं विज्ञान तीनशे वर्षं असं चालत नाही. ओहोटी लागली हे खरं: 1449 मध्ये समरकंदचा खगोलज्ञ राजा उलुगबेग मुलाच्याच सांगण्यावरून मारला गेला, 1580 मध्ये सुलतानाने इस्तंबूलची नवीकोरी वेधशाळा पाडली. त्याची कारणं शोधायला एक नाव पुरत नाही.

राहिले दोन मुद्दे, आणि मेसेज लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेलं नाही की ते एकमेकांच्याच पायात पाय घालतात. भाषांतरांचा म्होरक्या हुनैन इब्न इसहाक ख्रिस्ती होता, साबित इब्न कुर्रा हर्रानचा तारेपूजक. अगदी खरं. मग खलिफांच्या बगदादेत त्यांना मानाने पोसलं कोणी? पण म्हणून सगळा नंदनवनाचा मामला होता असं म्हणणाऱ्या उलट्या फॉरवर्डवरही माझा विश्वास नाही. बिगरमुस्लिमांना जिझिया होता, दर्जा दुय्यम होता. 1066 मध्ये स्पेनमधल्या ग्रॅनाडात ज्यूंची कत्तल झाली. ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीझच्या कुटुंबाला अल्मोहाद या मुस्लिम राजवटीच्या जाचामुळे तिथलंच कोर्दोबा सोडावं लागलं. तोच मायमोनिडीझ पुढे कैरोत सलाहुद्दीनच्या दरबारच्या मंडळींचा वैद्य झाला. अल-बिरुनी हा विद्वान गझनीच्या महमूदच्या राज्यातला, तरी महमूदने हिंदुस्थानची भरभराट धुळीला मिळवली हे त्याने 1030 च्या सुमारास स्वच्छ लिहून ठेवलं. आता याला सहिष्णू म्हणायचं की असहिष्णू? कुठल्या शहरात, कुठल्या साली, हे विचारल्याशिवाय मी तरी उत्तर देणार नाही.

चोरीचं माप एकदा आपल्याकडेही लावून बघू. अठराव्या शतकात सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटाने तुसीच्या अरबी प्रतीवरून ग्रीक गणिती युक्लिडचा भूमितीचा ग्रंथ संस्कृतात आणला. ग्रंथाचं नाव 'रेखागणित', पुढे मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत तो छापलाही गेला. टॉलेमीचा ग्रंथ आणताना जगन्नाथाने मूळ अरबी पुस्तकाचं नाव दिलं. 'रेखागणिता'च्या सुरुवातीला मात्र लिहिलं की हे शास्त्र ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला सांगितलं होतं, मध्यंतरी लुप्त झालं, ते महाराजांच्या आज्ञेने मी परत प्रकाशात आणतो आहे.

मी जगन्नाथाला चोर म्हणणार नाही. ग्रुपवरचे मित्र काय म्हणतात याची वाट बघतोय. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा तर सगळ्यांच्या आल्यात.